चेहरा पाहू नका, जागा पाहा



ऊस विकास खात्याचा माणूस या पानावर लिहू लागला की आता बेणेप्रक्रिया, हुमणी, नाही तर खोडव्यातले पाचट, यांपैकी काही तरी वाचावे लागणार, असे आपण धरून चालता. ते चूकही नाही. पण या अंकात आम्ही रानातून उठून ग्रामपंचायतीच्या कचेरीत जाऊन बसणार आहोत. त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या नोंदवहीत एक गोष्ट पुन:पुन्हा दिसू लागली आहे. उसाचे नुकसान झालेले असते, आणि त्याचे कारण ना किडीत सापडते, ना खतात, ना पाण्याच्या पाळीत. ते सापडते ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तातल्या एका ओळीत. ती ओळ अशी : "अर्ज वाचून दाखविला. चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर."

या एका ओळीबद्दल आम्हांला बोलायचे आहे.

नऊ एकरांची गोष्ट

आमच्या कार्यक्षेत्रातले एक गाव. नाव सांगत नाही. सांगितले तर बाकीची गावे "ते आपले नव्हे" म्हणून पान उलटतील. या गावात २०२२ च्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या रानात भराव पडला. मंगल कार्यालय व्हायचे होते. अर्जदार आपलाच सभासद, गावाच्या अडीनडीला धावणारा, माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. ग्रामपंचायतीपुढे कागद आला आणि एका बैठकीत ना हरकत दाखला मिळाला. त्या दाखल्याच्या जोरावर पुढचे कागद तालुक्याला सरकले.

त्या रानाच्या खालच्या अंगाला एक जुनी दगडी मोरी होती. वरच्या शिवारातले पावसाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या त्या मोरीतून ओढ्याला जात असे. भराव टाकताना मोरी बुजली. कुणी मुद्दाम बुजवली असे आम्ही म्हणत नाही. भराव टाकणारा ट्रॅक्टरवाला बाहेरगावचा, त्याला मोरी आहे हेच ठाऊक नव्हते. आणि अर्जासोबतच्या नकाशात ती दाखवलेली नव्हती. बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला मात्र ती माहीत होती. लहानपणी त्याच मोरीत खेकडे धरलेली ही माणसे!

ऑगस्टचा पाऊस आला आणि वरच्या अंगाला सात सभासदांच्या नऊ एकरांत पाणी तुंबले. त्यात जुलैत लावलेली आडसाली होती, खोडवाही होता. आडसालीचे कोंब कुजले. खोडव्याची मुळी गेली, पाने पिवळी पडली. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा एक म्हातारे सभासद बांधावर उभे होते. म्हणाले, "सायेब, औषध सांगू नका. पाणी जायला वाट ऱ्हायली न्हाई, तिथं औषध काय करणार?" त्या रानात एकरी ४० टनांचा अंदाज आम्हीच धरला होता. तोडणीला कुणाला १८ टन पडला, कुणाला २२.

आता यातली खरी दु:खाची गोष्ट पुढे आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नावाचा एक जुना कायदा आजही चालतो. शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर त्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते आणि तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. पण त्याला मुदत सहा महिन्यांची. आपले सात सभासद गावच्या शब्दावर थांबले. आज बैठक बसेल, गणपतीनंतर बसेल, दिवाळीनंतर बसेल. शेवटी तोडणी झाल्यावर, मार्चमध्ये, ते अर्ज घेऊन तालुक्याला गेले आणि मुदत टळल्याचे त्यांना तिथे कळले. आता दिवाणी कोर्ट उरले. दिवाणी कोर्टाची वाट किती लांब असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आम्हांला हा कायदा माहीत होता. आम्ही ऑगस्टमध्ये त्या बांधावर उभे होतो. "तो आमचा विषय नव्हे" असे मनाशी म्हणून आम्ही युरियाची मात्रा लिहून दिली आणि परत आलो. हा लेख लिहिण्याचे एक कारण तेही आहे.

एकशे वीस मीटरांची गोष्ट

वरची गोष्ट वाचून कुणी म्हणेल, ग्रामपंचायती फार सैल हाताने परवानग्या वाटतात. थांबा. शेजारच्याच गटातली दुसरी गोष्ट ऐका.

एक विधवा भगिनी, आपली सभासद, दीड एकरांची धनी. गावठाणातले पडके घर पाडून दोन खोल्या बांधायच्या. जागा १२० चौरस मीटर. अर्ज दिला. पहिल्या महिन्यात "सरपंच बाहेरगावी आहेत", दुसऱ्या महिन्यात "कोरम झाला नाही", तिसऱ्या महिन्यात "पुढील सभेत ठेवावा". असे चौदा महिने गेले. विटा आणून टाकल्या होत्या, त्यांवर गवत उगवले. कारण इतिवृत्तात कुठेच नाही. कारण सगळ्या गावाला ठाऊक : निवडणुकीत त्या घरातली मते दुसऱ्या पॅनेलला गेली होती.

वहिनींनी एकदा आम्हांला विचारले, "माझ्या घराला नको म्हणाले असते तरी चाललं असतं. पण नको तरी म्हणा की! नको म्हणाले तर निदान का म्हणून विचारता तरी येईल."

या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण रोग एकच आहे. पहिल्या ठिकाणी चेहरा पाहून होकार दिला, दुसऱ्या ठिकाणी चेहरा पाहून गप्प बसले. दोन्हीकडे जागा कुणी पाहिलीच नाही. मोरी पाहिली नाही आणि पडके घरही पाहिले नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे यात बराच घोळ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

गावाच्या हद्दीत घर बांधायचे किंवा पुन्हा बांधायचे तर ग्रामपंचायतीची आधी परवानगी घ्यावी, असे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ सांगते. कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचे आणि मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकारही ग्रामपंचायतीला आहे. पण गावठाण संपले की गोष्ट बदलते. तिथे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम येतो आणि १९६६ चाच जमीन महसूल अधिनियम येतो. प्रादेशिक योजना लागू असेल तिथे शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी जमीन वापरायची तर परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत, नगररचना खात्याचा सल्ला घेऊन. म्हणजे रस्त्याकडेच्या उसाच्या रानात उभे राहणारे मंगल कार्यालय एकट्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर कायदेशीर होत नाही. अकृषिक वापराच्या नियमांत शासनाने अलीकडे बऱ्याच दुरुस्त्या केल्या आहेत. २०१७ मध्ये कलम ४२-ड घालून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनींचा रस्ता सोपा केला. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले ते पाहून कुणी पाया खणू नये. अर्ज करण्याच्या दिवशी तहसील कचेरीत चौकशी करावी.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. लहान भूखंडांसाठी तिने काम हलके केले. १५० चौरस मीटरांपर्यंतच्या भूखंडावर ठरावीक कागद आणि शुल्क रीतसर भरले की त्याची पोच पुरेशी धरायची. १५० ते ३०० मीटरांपर्यंत परवानाधारक अभियंत्याच्या किंवा वास्तुविशारदाच्या दाखल्यावर काम चालवायचे. धोका कमी तिथे कचेरीचे हेलपाटे कमी, असे हे तत्त्व. आपल्या भाषेत १५० मीटर म्हणजे साधारण दीड गुंठा आणि ३०० मीटर म्हणजे जवळजवळ तीन गुंठे. त्या वहिनींचे घर १२० मीटरांत बसत होते. चौदा महिन्यांत हे त्यांना कुणी सांगितले नाही.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत अर्जाचा निकाल कळवला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र बांधकाम नियमांत बसणारे हवे. नियमाबाहेरच्या बांधकामाला मुदत टळली म्हणून संरक्षण मिळत नाही. आणि परवानगी नाकारायची तर कारणे लिहून द्यावी लागतात.

एका गैरसमजाबद्दल सांगतो, तो आपल्या लोकांत फार आहे. "आमची नमुना ८ ला नोंद आहे, घरपट्टी भरतो, म्हणजे बांधकाम कायदेशीर." नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची वही. तो परवानगीचा कागद नाही आणि मालकीचाही नाही. तलाठ्याकडचा आठ-अ उतारा तो वेगळा, त्यात शेतजमिनीचे खाते असते. या दोन आठांच्या गोंधळात कित्येकांनी गुंठे विकत घेतले आहेत आणि पुढे हात डोक्याला लावला आहे.

साहेबाच्या देशात कसे करतात

आपल्या एका सभासदाची कन्या इंग्लंडमध्ये असते. गेल्या दिवाळीत ती आली होती. तिच्या शेजाऱ्याला घरामागे एक खोली वाढवायची होती, त्याचे वर्णन तिने गट कार्यालयात चहा घेताना केले. आम्ही पुढे अधिक माहिती काढली. ती सांगण्यासारखी आहे.

तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली कायदा झाला. तेव्हापासून जमीन आपली असली तरी तिच्यावर काय बांधायचे याला स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. अर्ज आला की कौन्सिल जागेवर सूचना चिकटवते, किंवा शेजाऱ्यांना पत्र पाठवते. नकाशे कुणालाही पाहता येतात. हरकत किंवा पाठिंबा कळवायला साधारण २१ दिवस मिळतात. लहान अर्जाचा निकाल ८ आठवड्यांत आणि मोठ्याचा १३ आठवड्यांत द्यावा, अशी मुदत आहे. बहुतेक अर्ज कौन्सिलचे अधिकारीच निकालात काढतात. वादाचे किंवा मोठे असतील ते निवडून आलेल्या सदस्यांच्या समितीपुढे जातात. समितीपुढे अधिकाऱ्याचा लेखी अहवाल असतो. बहुतेक ठिकाणी अर्जदाराला आणि हरकतदाराला दोन-चार मिनिटे बोलायला मिळते. आपल्या ग्रामपंचायतीसारखी तिथे पॅरिश कौन्सिल असते, पण ती फक्त मत कळवते. निर्णय वरच्या कौन्सिलचा.

आम्हांला त्यात सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते पुढेच आहे. काय विचारात घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, हे तिथे बरेचसे ठरलेले आहे. शेजाऱ्याचा उजेड जातो का, त्याच्या घरात डोकावले जाते का, रस्त्यावर गर्दी होईल का, आवाज होईल का, पाण्याचा निचरा कसा होईल, हे धरतात. "माझ्या खिडकीतून दिसणारा डोंगर दिसेनासा होईल" किंवा "माझ्या घराची किंमत उतरेल" हे धरत नाहीत. अर्जदार कोण, कुठल्या पक्षाचा, त्याचे शेजाऱ्याशी पटते का, हेही धरत नाहीत. ज्या सदस्याचा त्यात पैशाचा संबंध असेल त्याने निकालात भाग घ्यायचा नाही. ज्याने ऐकण्यापूर्वीच मन पक्के केले आहे त्यानेही मत द्यायचे नाही. नाकारले तर कारणे लेखी द्यायची, आणि त्यावर अर्जदाराला वर अपील करता येते.

तिकडे सगळे गोडच आहे असे समजू नका. परवानगीला फार वेळ लागतो, घरे पुरेशी होत नाहीत, शेजारी उगाच हरकती घेतात, अशा तक्रारी तिथे कायम चालू असतात. शेजाऱ्याला तर वर अपीलच नाही, अर्जदारालाच आहे. त्यांचे सगळे उचलून आणा असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे हवामान वेगळे, आपले वेगळे. तिथले बेणे इथे लावून उगवत नाही. पण चांगली मशागत कुणाच्याही रानात पाहावी.

उसाच्या गावात काय पाहावे

आता आमचे मत स्पष्ट सांगतो. ग्रामपंचायतीने बांधकामाच्या अर्जावर किंवा ना हरकत दाखल्यावर निर्णय करताना अर्जदाराचे नाव झाकून ठेवावे आणि जागेला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला, पाणी कुठून येते आणि कुठे जाते? ओढा, चर, मोरी, पाट, उपसा योजनेची पाइपलाइन यांपैकी काय त्या जागेतून किंवा जागेजवळून जाते? नकाशात ते दाखवले आहे का?

दुसरा, वाट कुठली? पाणंद, शिवरस्ता, बांधावरची वहिवाट यांतले काही आवळले जाते का? गळितात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळतो, त्याला किती रुंदी लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एका कोपऱ्यावरची भिंत चार हात पुढे आली, तर मागच्या सगळ्या रानांतला ऊस टोळीला डोक्यावर मोळ्या घेऊन काढावा लागतो. त्याचे पैसे शेवटी सभासदाच्याच खिशातून जातात.

तिसरा, सांडपाणी आणि कचरा कुठे जाणार? मंगल कार्यालयाचे खरकटे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीच्या अंगाला उतरले, तर त्याने ते कुणाला सांगायचे?

चौथा, जमीन कुठल्या विभागात येते, शेती की रहिवासी, आणि परवानगी देणारे खरे कार्यालय कुठले? अधिकार नसताना ग्रामपंचायतीने शिक्का मारला तर अर्जदाराचेच नुकसान होते. उद्या नोटीस येते ती त्याच्या घरावर.

पाचवा, हे नाकारले तर माणसाचे काय अडते? घर हवे असलेल्याला घर मिळालेच पाहिजे. नाकारणे हाही निर्णयच आहे, आणि त्यालाही कारण लागते.

या पाच प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात पाच ओळींत लिहावीत. "चर्चा होऊन मंजूर" या तीन शब्दांच्या जागी पाच ओळी. एवढीच आमची मागणी. लिहावे लागले की माणूस जागेवर जाऊन पाहतो, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. पीक पाहणीच्या तक्त्यात "मुळी उकरून पाहिली का" असा एक रकाना घातला, तेव्हापासून आमची पोरे खुरपे घेऊन रानात जाऊ लागली. त्याआधी ती मोटारसायकलवरूनच ऊस पाहत होती.

सभासदाने काय करावे

अर्जाची सूचना त्या जागेवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, असा ठराव गावाने आपणहून करावा. त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तिथे हा विषय मांडा. पंधरा दिवस सूचना राहिली तर मोरी माहीत असलेला कुणी तरी म्हातारा काठी टेकत येईल आणि सांगेल.

गाव नकाशाची एक प्रत बैठकीच्या टेबलावर कायम असावी. ओढे, शिवरस्ते, गाडीवाटा त्यात आहेत. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. गावात हजार रुपयांचे हार-तुरे होतात, तिथे नकाशाचा खर्च जड नाही.

ज्या सदस्याचा किंवा त्याच्या भावकीचा अर्ज असेल, त्याने त्या विषयापुरते बाहेर जाऊन बसावे. यात अपमान कसला? उलट त्याच्या मंजुरीला वजन येते. आणि सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, हे कायद्यातच आहे, हेही सर्वांनी लक्षात ठेवावे.

अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर तारीख पाहा. निकाल कळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर इतिवृत्ताची प्रत मागता येते, आणि ती ३० दिवसांत मिळायला हवी. ग्रामसेवकांशी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) भांडण न करता हे काम होते.

आणि पाणी किंवा वाट अडली तर सहा महिन्यांची मुदत विसरू नका. गावची बैठक बसू द्या, समेट होऊ द्या, आम्हांला आनंदच आहे. पण अर्ज आधी देऊन ठेवा. समेट झाला तर अर्ज मागे घेता येतो. मुदत गेली तर परत आणता येत नाही.

काही हरकतींना उत्तर

हे बोलू लागलो की काही जण म्हणतात, "साहेब, सूचना लावली की गावात भांडणे वाढतील." भांडणे आजही आहेत; ती पारावर आहेत, शेतात आहेत, कोर्टात आहेत. बैठकीत मिटवली तर तीच स्वस्त पडतील. त्या सात सभासदांचे आणि मंगल कार्यालयाच्या मालकाचे आज बोलणे नाही. एकमेकांच्या लग्नाला जाणे बंद आहे. पाया घालण्यापूर्वी मोरीचा विषय निघाला असता तर दोन नळे टाकून काम भागले असते. त्या मालकालाच विचारा, तो हेच सांगेल.

दुसरे म्हणतात, "कारखान्याला ऊस हवा, म्हणून तुम्ही बांधकामाला आडवे येता." कारखान्याला ऊस हवा आहे, हे आम्ही कशाला नाकारू? एकरी ४० टनांच्या हिशेबाने गुंठ्याला एक टन ऊस जातो, हे आम्हांला दिसते. पण आमच्या घरातही मुले आहेत, त्यांनाही घरे लागणार. जमीन सभासदाची आहे. तिच्यावर काय करावे हे सांगण्याचा अधिकार ऊस विकास खात्याला नाही. आपल्या गुंठ्यावर बांधताना शेजाऱ्याचा एकर बुडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरी हरकत आमच्याच घरातली आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. कारखान्याच्या एका गट कार्यालयाच्या शेडसाठी अर्ज दिला होता, तेव्हा तो ग्रामपंचायतीत चहा थंड होण्याच्या आत मंजूर झाला. अर्ज आम्हीच घेऊन गेलो होतो. कुणी काही विचारले नाही आणि आम्हीही काही सांगितले नाही. कारखान्याचा अर्ज, त्याला कोण विचारणार! पुढे त्या शेडच्या पत्र्याचे पाणी शेजारच्या सभासदाच्या गोठ्यात उतरू लागले. त्याने दोन पावसाळे सोसले आणि बोलला नाही, कारण त्याचा ऊस आमच्याकडेच यायचा होता. तिसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने आम्हांला गोठ्यात उभे करून पावसात भिजवले, तेव्हा पन्हाळी बसली. मोठ्या अर्जदारापुढे गाव गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याचा फायदा आम्हीही घेतला आहे. म्हणून कारखान्याच्या यापुढच्या प्रत्येक बांधकामाचा अर्ज आणि नकाशा त्या-त्या गट कार्यालयाच्या फलकावर आधी लावावा, अशी लेखी विनंती आम्ही व्यवस्थापनाकडे केली आहे. लोकांना सांगायचे तर आपल्या दारापासून सुरुवात हवी.

शेवटी

सहकार आपण उभा केला तो एका साध्या गोष्टीवर : वजनकाट्यावर सगळ्यांचा ऊस एकाच मापाने मोजला जाईल. काट्यावर गाडी कुणाची हे पाहिले जात नाही, वजन पाहिले जाते. तसे झाले नाही तर आपण कारखान्यापुढे येऊन बसतो, आणि बसायलाच हवे. मग गावच्या कचेरीत घराच्या आणि गोदामाच्या अर्जाला तोच काटा का नको?

पुढची ग्रामसभा केव्हा आहे, ते आपल्या फलकावर वाचा. या लेखातले सगळे पटले नाही तरी चालेल. पण जाऊन बसा, आणि पहिला अर्ज पुकारला की एवढेच विचारा : "जागा कुणी पाहिली का?"

त्या वहिनींच्या दोन खोल्या आता उभ्या आहेत. बुजलेली मोरी मात्र अजून तशीच आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी दोन नळे टाकण्याची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. त्या बैठकीला आम्हीही जाणार आहोत, आणि या वेळी युरियाची मात्रा लिहून परत येणार नाही.

— ऊस विकास अधिकारी